इतरांचा ‘मी’ लिहिताना

पुस्तकाच्या चौथ्या पानावर, अक्षरजुळणी आणि मुद्रक यांच्या मधे कुठेतरी, बारीक टाइपात ‘शब्दांकन’ असं छापलेलं असतं आणि त्यापुढे एक नाव. ते नाव कधीकधी माझं असतं. पुष्कळदा तेही नसतं. आजोबांनी स्वतःच लिहिलंय असं दिसलेलं बरं, असं घरच्यांना वाटतं. मग ऋणनिर्देशात वेळेवर चहा देणारी सून आणि फोटो स्कॅन करणारा नातू यांच्या मधे मला जागा मिळते. माझी हरकत नसते. पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले की झालं.

वीसेक वर्षं मी हे काम करते आहे. पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असं काहीतरी निमित्त असतं. मुलं म्हणतात, ‘बाबांच्या आठवणी एकत्र करून द्या.’ मी आठवड्यातून दोनदा जाते, तास-दीड तास बसते, बोलणं रेकॉर्ड करते, घरी येऊन उतरवते आणि त्याचं पुस्तक करते. तीनशे प्रती, खासगी वितरणासाठी, मधे आर्टपेपरवर फोटोंची आठ पानं. ही पुस्तकं दुकानात जात नाहीत, त्यांची परीक्षणं येत नाहीत. पाहुण्यांच्या शोकेसमध्ये ती उभी राहतात. पण एवढ्याशा पुस्तकासाठी माणसं रात्र रात्र जागलेली मी पाहिली आहेत. नवऱ्याशी भांडलेली, भावाशी बोलणं टाकलेली पाहिली आहेत. चार ओळी ठेवायच्या की काढायच्या यावरून एका घरातलं प्रकाशन दीड वर्ष लांबलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही माणसं आठवणी सांगत नाहीयेत, आपण कोण हे ठरवताहेत. ते ठरवणं घाईचं नसतं.

या धंद्यात मी आले डीटीपीतून. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एका सेंटरवर लोकांची हस्तलिखितं टाइप करायची, हे माझं पहिलं काम. निवृत्त माणसांच्या वह्या यायच्या. त्या टाइप करताना वाक्यं आपोआप सुधारली जायची आणि गिऱ्हाइकांना ते आवडायचं. पुढे एकांनी सरळच विचारलं, ‘मी बोलतो, तुम्ही लिहाल का?’ त्याच सुमारास मी हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ वाचलं. त्या बोलल्या आणि अरुण साधूंनी लिहिलं, ‘माणूस’ या नियतकालिकात ते आलं आणि १९७० साली त्याचं पुस्तक झालं. मला त्यात सगळ्यात नवल वाटलं ते नावाचं. हे त्यांच्याच १९५९च्या गाजलेल्या तमाशापटाचं नाव. आपल्या खऱ्या आयुष्याला त्या बाईंनी आपल्याच एका चित्रपटाचं नाव दिलं होतं. तेव्हा मला ते फक्त चतुर वाटलं होतं. आता वाटतं की आपल्या गोष्टीचं नाव आधी कुणीतरी देऊन ठेवलेलं असतं आणि आपण मागाहून त्यात शिरतो. बहुतेकांचं असंच असतं.

पहिल्या बैठकीत जे ऐकायला मिळतं ते जवळजवळ ठरलेलं असतं. शाळेला अनवाणी जाणं, नगरपालिकेच्या दिव्याखाली अभ्यास, वार लावून जेवणं, एक कडक मास्तर, आईचे कष्ट. यातलं काहीही खोटं नसतं. पण ते इतक्यांदा सांगून झालेलं असतं की सांगणाऱ्यालाही त्यात काही दिसत नाही. सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभात, सत्काराला उत्तर देताना, नातवाच्या मुंजीत हीच गोष्ट सांगितलेली असते. कुठे टाळ्या पडतात तेही पाठ असतं. एका सहकारी संस्थेचे माजी अध्यक्ष तर टाळीच्या जागी क्षणभर थांबायचे. खोलीत मी एकटी.

ही तयार गोष्ट फोडायला मी एक युक्ती शिकले. कोरा कागद पुढे ठेवायचा आणि म्हणायचं, ‘लहानपणच्या घराचा नकाशा काढून दाखवा.’ मोठमोठी माणसं कागदावर वाकून बसतात. ओसरी, माजघर, देवघर, परसातली न्हाणी, गोठा. मग मी विचारते, तुम्ही झोपायचा कुठे? तुमच्या शेजारी कोण? दिवा कुठे असायचा? आजारी माणूस कुठल्या खोलीत? बाळंतिणीची खोली कुठली? नकाशावर बोट फिरताना गोष्टी निघू लागतात, आणि त्यांना टाळीच्या जागा नसतात. त्या अध्यक्षांनी नकाशात माजघराला लागून एक खोली काढली आणि गप्प झाले. त्या खोलीत त्यांची विधवा आत्या राहायची. पुढे तीन बैठका ते फक्त आत्याविषयी बोलले. त्यांना लिहायला तिनेच शिकवलं होतं, चुलीतल्या कोळशाने. चाळीस वर्षांच्या भाषणांत तो मान त्या कडक मास्तरांना गेला होता, कारण भाषणात मास्तर शोभतात.

माणसं कुठल्या वर्षांविषयी बोलतात यालाही एक रीत आहे. ऐंशीचा माणूस सत्तर टक्के वेळ पंचविशीपर्यंतचंच बोलतो. नोकरीची तीस वर्षं दोन दुपारींत उरकतात. आधी मला वाटायचं, हा आपल्याकडच्या मध्यमवर्गीय नोकऱ्यांचा कंटाळा असेल. नंतर वाचलं की जगभर असंच आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात सर्वांत दाट असतात, हे मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलेलं आहे. मानसशास्त्रातलेच एक अमेरिकन अभ्यासक, डॅन मॅकअ‍ॅडम्स, लोकांकडून त्यांच्या आयुष्याच्या गोष्टी पद्धतशीर गोळा करत आले आहेत. त्यांच्या मांडणीत दोन ढंग महत्त्वाचे: वाईटातून चांगलं निघालं असं सांगणारे, आणि चांगल्याचं सगळं नासलं असं सांगणारे. हे दोन्ही मला रोज भेटतात. पण माझ्या वह्यांमध्ये तिसराही एक ढंग भरपूर आहे, विशेषतः खेड्यातून आलेल्या बायकांमध्ये. त्या घडलेलं सांगतात आणि त्यातून काही काढत नाहीत. ‘दोन पोरं गेली. तिसरा राहिला. मग पाऊस पडला.’ मुलांना हे पुस्तकात अपुरं वाटतं. ‘यातून आई काय शिकली ते लिहा ना,’ असा आग्रह होतो. मी लिहीत नाही. त्यावर थोडे वाद होतात.

कोयनेचा प्रसंग मात्र मला अजून पुरता उलगडलेला नाही. गृहस्थ बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, सव्वाचारनंतर कोयनानगरला भूकंप झाला. शंभरावर माणसं गेली, वसाहती जमीनदोस्त झाल्या. हे तेव्हा सहा वर्षांचे. पडलेल्या भिंतीआडून धाकट्या बहिणीचा हात धरून आपण तिला बाहेर कसं ओढलं, तोंडात माती कशी गेली, बाहेर किती थंडी होती आणि कुणाच्या तरी अंगावरची कांबळी दोघांना कशी मिळाली, हे त्यांनी इतकं बारकाईने सांगितलं की उतरवताना मीच दोनदा उठून पाणी प्यायले. त्यांच्या सगळ्या आयुष्याचा पाया ती पहाट होती. स्थापत्य अभियंता झाले ते त्यामुळे. कामावर ठेकेदाराशी सिमेंटवरून भांडले, बदल्या ओढवून घेतल्या, तेही त्यामुळेच. त्यांच्या बायकोने मला सांगितलं की लग्नाआधीच्या पहिल्या भेटीत त्यांनी तिला हेच सांगितलं होतं.

कच्चा खर्डा झाल्यावर तो मोठ्या भावाकडे कऱ्हाडला गेला, फोटोंची नावं तपासायला. आठवड्याने भावाचा फोन आला. अगदी शांतपणे ते म्हणाले, ‘ताई, त्या रात्री तो कोयनेला नव्हताच. तो आजोळी होता, कऱ्हाडात. छकुलीला मी काढलं बाहेर.’

मी गृहस्थांना ते सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, वेगळंच काही आलं. हातातला चष्मा ते बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, ‘माती अजून दाताखाली लागते मला.’ ते खोटं बोलत नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे. सहा वर्षांच्या मुलाने आजोळाहून परत आल्यावर ती गोष्ट घरात, शेजारी, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर किती वेळा ऐकली असेल! भाऊ मितभाषी, हा बोलका. सांगायचं काम याच्याकडे आलं, आणि सांगता सांगता तो तिच्यात गेला. ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याने तो विसरायला घेतला. ज्याच्यावर ओढवला नाही त्याने त्यावर आख्खं आयुष्य बांधलं, आणि ते आयुष्य, ती भांडणं, तो चांगलं सिमेंट घातलेला पूल मात्र अगदी खरा.

पुस्तकात काय लिहायचं? मी सुचवलं, ‘आमच्या घरात असं सांगितलं जातं’ अशी सुरुवात करू. त्यांना ते पटलं नाही. प्रकरण काढून टाका म्हणाले. काढल्यावर पुढचं काहीच उभं राहीना. त्यांनी नोकरीत जे जे केलं ते कशासाठी केलं, हेच कळेना. शेवटी त्यांनीच तोड काढली. भावाला बोलावलं, मी दोघांना समोरासमोर बसवलं, आणि भावाची पहाट भावाच्या तोंडून लिहिली. तिच्याखाली यांनी एक परिच्छेद दिला: ही गोष्ट मी पन्नासच्या वर वर्षं माझी म्हणून सांगत आलो. बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, ‘मी तीन वर्षांची होते, मला काय आठवणार? दादा सांगतो तेच मला ठाऊक.’ कुठला दादा, ते तिने सांगितलं नाही.

ऐकणारा कोण यावर गोष्ट किती बदलते, हे मला शिकवलं स्वयंपाकघराने. बायकांच्या मुलाखती सुरुवातीला मी बैठकीच्या खोलीत घ्यायची. सोफ्यावर त्या, शेजारी नवरा. ‘माझं काय सांगण्यासारखं आहे?’ हे पहिलं वाक्य, आणि मग सगळी माहिती नवऱ्याच्या बदल्यांची, दिरांच्या शिक्षणाची, सासऱ्यांच्या आजारपणाची. मधेच नवऱ्याने सनावळ्या दुरुस्त करायच्या. ही काही आजची रीत नाही. रमाबाई रानड्यांचं १९१० सालचं पुस्तक त्यांच्या आयुष्यातल्या आठवणींचं आहे खरं, पण वाचून झाल्यावर डोळ्यांपुढे त्यांचे पती न्यायमूर्ती रानडेच जास्त उभे राहतात. एकदा असंच चालू असताना नवरा बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेला. आजी म्हणाल्या, ‘चल आत, लसूण सोलायचाय.’ कट्ट्याजवळच्या स्टुलावर मी रेकॉर्डर ठेवला. लसूण सोलता सोलता त्यांनी सांगितलं की त्यांनी सोळा-सतरा वर्षं डबे केले. कॉलेजच्या पोरांचे, पुढे कंपनीतल्या माणसांचे. ज्या घरात आपण बसलोय त्या प्लॉटचे पैसे त्या डब्यांचे. पोळ्यांचा हिशेब, रॉकेलची टंचाई, उधारी बुडवून गेलेला मुलगा आणि पुढे नोकरी लागल्यावर मनीऑर्डर करणारा तोच मुलगा, असं ते एकामागून एक येत राहिलं. कुकरच्या शिट्ट्यांसकट ते सगळं माझ्याकडे आहे.

विशेष म्हणजे नवऱ्याने यातलं काही लपवलं नव्हतं. त्याच्या हिशेबी तो ‘घरखर्चाला हातभार’ होता, आणि तिनेही तो हिशेब मान्य केला होता. प्रकरण छापून आल्यावर आजी नातींना सांगू लागल्या की मी व्यवसाय करायचे. नातींपैकी एकीने ते आपल्या प्रकल्पात वापरलं. आजींचं बसणंउठणंच बदललं असं त्यांच्या सुनेने मला सांगितलं, आणि तिच्या आवाजात कौतुक किती आणि कुरकुर किती, हे मला नीट कळलं नाही.

तेव्हापासून बायकांशी मी हाताला काम असताना बोलते. भाजी निवडताना, वाती वळताना, गोधडीला टाके घालताना.

गिरणी कामगारांविषयी आता बरंच लिहिलं गेलं आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून गिरणगावचा इतिहास गोळा केला, ते काम फार मोलाचं. माझ्याकडे आलेले गृहस्थ साचेखात्यातले. बदलीवर लागले, मग कायम झाले. गाववाल्यांच्या खोलीतली वीस-बावीस माणसं पाळीपाळीने कशी झोपायची, खानावळवाल्या बाईंकडचं जेवण, भजनी मंडळ, भोंगा. १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या दिवसापर्यंत हे गृहस्थ सविस्तर येतात, आणि संप चिरडत गेला तिथे त्यांची गोष्ट थांबते. ‘मग काय, संपलं सगळं.’

संपलं नव्हतं. त्यांनी त्यापुढे ठाण्यात एका सोसायटीत वॉचमन म्हणून पंचवीसच्या वर वर्षं काढली. गिरणीत काढलेल्या वर्षांपेक्षा कितीतरी जास्त. त्या सगळ्याला त्यांच्या बोलण्यात दोन वाक्यं मिळाली. मी विचारलं की म्हणायचे, ‘त्यात काय सांगायचं? खुर्ची आणि रजिस्टर.’ ते गिरणी कामगार होते आणि आहेत. मधली वर्षं म्हणजे संप मिटायची वाट बघणं. तो संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही, हे ते मला प्रत्येक भेटीत आठवणीने सांगायचे. त्यात त्यांचा अभिमान होता.

पुस्तक काढत होती त्यांची मुलगी. एका संध्याकाळी ती मला सोडायला स्टेशनवर आली आणि म्हणाली, ‘बाबा ज्यांच्याविषयी सांगतात त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. माझा बाबा निळ्या शर्टात गेटवर असायचा. माझी फी त्या शर्टातून आलीय. पुस्तकात तो नसेल तर हे पुस्तक कुणाचं?’ मी काही उत्तर दिलं नाही, पण पुढच्या खेपेला मी तिलाच बरोबर बसवलं. तिने विचारलं, ‘बाबा, तुम्ही त्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर काय लिहायचात?’ म्हातारबा चपापले. सोसायटीच्या जुन्या रजिस्टरांच्या मागच्या पानांवर ते आपल्या खात्यातल्या साथीदारांची नावं लिहून ठेवायचे. कोण गावी गेला, कोण रिक्षा चालवतो, कोण वारला. रात्रपाळीत, वर्षानुवर्षं. म्हणजे वॉचमनच्या खुर्चीतही ते गिरणीचाच हजेरीपट भरत होते. ती दोन आयुष्यं एकमेकांत अशी बसली, आणि पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मिळालं. मुलीचं समाधान पुरतं झालं नाही. तिला तिचा बाबा हवा होता, मिळाला पुन्हा गिरणी कामगारच.

काहींच्या बाबतीत दुसऱ्याचं पुस्तक वाचूनच आपली गोष्ट सांगायला तोंड फुटतं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीने काढलं. त्याच वर्षी जुलैत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. माझ्याकडे आलेले एक निवृत्त बँक अधिकारी तेव्हा औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहात होते. ‘बलुतं’ची एकच प्रत खोल्या-खोल्यांतून फिरली, पानं सुटी झाली. त्या पुस्तकात दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसातली ही दोन माणसं. गृहस्थ म्हणाले, ‘ते वाचेपर्यंत मला वाटायचं की शहरात राहायचं तर गावातल्या त्या पोराला मारावं लागतं. दोघं एका खोलीत बसून बोलू शकतात, हे मला त्या पुस्तकाने दाखवलं.’ त्यांनी स्वतःची कहाणी पंचेचाळीस वर्षं मनात बोलून तयार ठेवली होती. ती सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत.

अडखळलं ते घर. मुलगा परदेशात. तो म्हणाला, तीनशे प्रती वाटायच्या तर कुणाला? त्याच्या ऑफिसातल्या, सोसायटीतल्या कुणाला त्याने आपलं गाव, आपली वस्ती सांगितलेली नव्हती. त्याच्या गोष्टीची सुरुवात इंजिनिअरिंग कॉलेजपासून होती. ‘बलुतं’ आलं तेव्हाही हे घरातलं चव्हाट्यावर कशाला, असं म्हणणारे शिकले-सवरलेले लोक समाजात होतेच. आता ते मुलांच्या पिढीतून येत होतं. त्यात मुलाला भित्रा म्हणणं सोपं आहे. पण त्याच्या जागी रोज बसणाऱ्याला कुठल्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं ते मला द्यावं लागत नाही, हेही खरं. पुस्तक छापलं, पन्नास प्रती. एक मुलाला पाठवली. त्याने ती वाचली का हे त्याच्या वडिलांनी विचारलेलं नाही.

भाषेवरून होणारी भांडणं याच जातीची. ‘शुद्ध करून द्या,’ असं मुलं सांगतात. खानदेशातल्या एका आईंचं बोलणं मी होतं तसं ठेवलं तर थोरल्या मुलाने प्रत्येक पानावर लाल खुणा करून खर्डा परत पाठवला. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मागे १९५२ मध्ये निघाली, ती कुणी पुणेरी करून छापली असती तर आज आपण ती वाचली असती का, असं मी त्याला लिहून कळवलं. तो म्हणाला, ‘त्या बहिणाबाई होत्या, ही माझी आई आहे.’ यावर काय बोलणार? शेवटी निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद आईंच्या बोलीत अशी तडजोड झाली. छापील पुस्तक आईंना वाचून दाखवलं तेव्हा निवेदन चालू असताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. संवाद आला की हसायच्या.

स्मृतिभ्रंश झालेल्या एका बाईंची मुलगी त्यांना त्यांचंच पुस्तक रोज थोडं वाचून दाखवते. आजार बळावायच्या आधी वर्षभर आम्ही बसलो होतो. आता त्या मुलीला ओळखत नाहीत, पुस्तकातल्या बाईलाही नाही. पण एक जागा अशी आहे की तिथे दर वेळी हात वर करून वाचन थांबवतात. पानशेतच्या पुराचा प्रसंग आहे, १२ जुलै १९६१चा. पाणी वाढत असताना नायिका घाबरून जिन्यात बसून राहिली, असं मी लिहिलं आहे, त्यांनी तसंच सांगितलं होतं म्हणून. त्यावर त्या म्हणतात, ‘घाबरली नव्हती ती. दमली होती.’ मुलीने आपल्या प्रतीत पेन्सिलने तसं करून घेतलं आहे.

माझी स्वतःची गोष्ट मला कुणी विचारली की मी डीटीपी सेंटरपासून सुरुवात करते, जशी वर केली. ती बरी गोष्ट आहे, थोडी विनोदी आहे, आणि लोकांना आवडते. माझ्या बहिणीला ती ठाऊक आहे पण पटत नाही. ती म्हणते, तू लहानपणापासून दाराआड उभी राहून मोठ्यांचं ऐकायचीस, त्याचेच आता पैसे घेतेस. ही गोष्ट मी समारंभात सांगत नाही.

शेवटचं सांगते ते न झालेल्या पुस्तकाविषयी. सत्तरीच्या बाई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. मुलांनी लावून दिलेलं काम नव्हे, त्यांनी स्वतः फोन केला. वडील लवकर गेले, पाठची चार भावंडं, त्यांच्यासाठी यांनी लग्न केलं नाही. घरात, गावात, शाळेत हीच त्यांची ओळख. भाऊबीजेला चौघंही कुठूनकुठून येतात, ताईला विचारल्याशिवाय पान हलत नाही. भाचरांच्या लग्नपत्रिकेत त्यांचं नाव सगळ्यांच्या वर. पहिल्या दोन बैठकांत हीच गोष्ट आली, नीटनेटकी, मुख्याध्यापिकेच्या आवाजात. तिसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे नकाशा काढायला लावला. घर कोकणातलं, लांबट. ‘तुम्ही अभ्यास कुठे करायचात?’ त्यांनी माडीवर बोट ठेवलं. आणि मग त्या माडीविषयी बोलू लागल्या. तिथलं दार आतून लावता यायचं. तिथे पुस्तकं होती. लग्न झालेल्या मैत्रिणी माहेरपणाला यायच्या, माडीवर बसायच्या आणि खालून हाक आली की निम्म्या वाक्यात उठून जायच्या. बोलता बोलता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, मला लग्न करायचंच नव्हतं.’ त्या स्वतःच चकित झालेल्या होत्या. ‘दोन स्थळं आली होती. भावंडांचं कारण सांगितलं आणि किती सोपं झालं सगळं. त्या काळी दुसरं कुठलं कारण चाललं असतं?’

पुढच्या बैठकीला त्यांनी मला चहा दिला, लाडू दिला आणि पुस्तक नको म्हणून सांगितलं. ‘चौघांनी चाळीस वर्षं माझं ऋण मानलंय. आता छापून सांगू की ऋण नव्हतंच? त्यांना काय वाटेल? धाकटा तर रडेल.’ मग जरा थांबून, अगदी सरळ आवाजात, ‘आणि मलाही ते त्यागाचं अंगवळणी पडलंय. त्याच्याशिवाय मी भाऊबीजेला कुठल्या तोंडाने बसू?’ रेकॉर्डिंग पुसायला सांगितलं. मी त्यांच्यासमोर पुसलं. ठरलेले सगळे पैसे त्यांनी पाकिटात घालून ठेवले होते. मी निम्मेच घेऊ लागले. त्यावरून थोडी ओढाताण झाली आणि त्या जिंकल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या भाच्याचा फोन आला. माझा नंबर त्याला त्यांच्या डायरीत मिळाला होता. आत्याची पंचाहत्तरी आहे, गौरव अंक काढतोय, तुम्ही तिला ओळखता असं दिसतं, तर तिच्या त्यागाविषयी दोन पानं लिहून द्याल का? मी त्याला एका चांगल्या लेखकाचं नाव सुचवलं. समारंभाची पत्रिका मात्र मला आली. जेवणात उकडीचे मोदक होते, आणि बाई सत्काराला उत्तर द्यायला उभ्या राहिल्या तेव्हा चारही भावंडं पहिल्या रांगेत बसली होती.